केवलप्रयोगी

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात
पंखा फिरतो, वारा येत नाही.
अर्जात एक रकाना आहे: मुलाशी नाते.
घारपुरे वकीलबाई पेन तसंच अधांतरी धरून विचारतात,
"ओजस तुम्हाला काय म्हणतो?"

तो मला अगं म्हणतो.

अगं, माझा डबा. अगं, सॉक्स एकच आहे.
अगं, झोपलीस का?
मी त्या घरात गेले तेव्हा साडेतीन वर्षांचा होता.
त्याची आई फोटोत होती, आणि आई हा शब्दही
तिच्यासोबत फोटोतच राहिला होता.
तो काढून आपण घालावा असं मला कधी वाटलं नाही.
काकू म्हण, म्हणाल्या त्याच्या आत्या.
मावशी म्हण, म्हणाली माझी आई.
त्यानं दोघींचं ऐकून घेतलं
आणि दुसऱ्या दिवशी संडासातून हाक मारली,
"अगं, झालं!"

आठ वर्षं तेवढ्यावर भागलं.

"अगं असं लिहिता येणार नाही," वकीलबाई म्हणतात.
वाईट नाहीत त्या. चहा मागवतात.
"सावत्र आई लिहू?"
आणि तो शब्द लिहिताना हात जरा हळू चालवतात,
ओल्या पायरीवरून उतरल्यासारखा.
बाकावरची शेजारीण वळून बघते.
लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टी तिच्या डोळ्यांत:
शिळ्या तुकड्यावर ठेवलेली राजकन्या, रानात सोडून दिलेला मुलगा.
बाई, मी सोडायला नाही आले.
मागायला आलेय. महिन्यातले दोन शनिवार.

"सावत्र नातं लग्नाबरोबर येतं," त्या समजावतात,
"आणि लग्नाबरोबर..."
पुढचं पंखा बोलतो.

डेंग्यूत त्याच्या प्लेटलेट्स अडतीस हजारांवर आल्या
तेव्हा कर्वे रोडच्या हॉस्पिटलात
रात्री पावणेदोनला फॉर्म पुढे आला.
त्याचे बाबा चेन्नईला.
तिथंही रकाना होता. नाते.
मी आई लिहिलं, सही केली.
कुणी खोडलं नाही.
नर्सला शीर सापडेना, तर रक्तही मीच काढलं.
एकवीस वर्षं लॅबमध्ये आहे मी,
नळीवर नाव, वय, वेळ लिहिते,
कुणाचं रक्त ते मला पक्कं माहीत असतं.
त्याच्यात माझं नाही.
तेही माहीत आहे.

सहावीच्या वार्षिक परीक्षेआधी
स्वयंपाकघरात आम्ही अव्ययं केली होती,
मी दोडक्याच्या शिरा काढत, तो फरशीवर पालथा.
केवलप्रयोगी: अरेरे, अबब, वाहवा, अगं.
"वाक्यातल्या कुठल्याही शब्दाशी यांचा संबंध नसतो,"
त्यानं वाचलं. मग मान वर करून,
"मग ती असतात कशाला?"
मी म्हटलं, त्यांच्याशिवाय वाक्य सुरू होत नाही म्हणून.
पुस्तकात असं नव्हतं.
त्यानं पेपरात तेच लिहिलं. अर्धा मार्क गेला.

तारीख पडते. पुढची पडते.
त्याच्या बाबांचे वकील येत नाहीत,
येतात तेव्हा साहेब नसतात.

काल रात्री साडेनऊला अनोळखी नंबर.
"अगं,"
आधी एवढंच. मग खाकरला.
आवाज फुटायला लागलाय त्याचा, मला कुणी सांगितलं नव्हतं.
"ती तपकिरी कव्हरं तू कुठून आणायचीस?
बाबांनी आणलेली फाटतात."
अप्पा बळवंत चौक, मी सांगितलं,
आत वळलं की डावीकडे तिसरं दुकान.
"बरं. शनिवारी जाईन."
मित्राचा फोन होता. ठेवला.

दिवा मालवल्यावर लक्षात आलं,
डावीकडे नाही. उजवीकडे.
आणि त्या नंबरवर परत फोन करून
मी कोण बोलतेय म्हणून सांगू?

सकाळी लॅबमध्ये शनिवारची रजा टाकली.
त्या कागदावरही एक रकाना असतो, कारण.
लिहिलं: वह्यांची कव्हरं.